सालगुदस्त, सालमजकूर

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घाटकोपर किंवा मुलुंड स्टेशनाबाहेर पडावे. रांगोळीचे ढीग, पणत्या, कंदील यांच्या शेजारी एखादा म्हातारा विक्रेता लाल खारव्यात बांधलेल्या वह्या मांडून बसलेला हमखास दिसतो. गिऱ्हाईक पूर्वीइतके नाही, पण आहे. दुकानदार येतो, एक वही घेतो, फार घासाघीस करीत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती वही पाटावर जाते, तिच्यावर स्वस्तिक निघते, पहिल्या पानावर ‘श्री’ या अक्षराचा मनोरा चढतो, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाते. जैन व्यापारी असेल, तर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमाराची बुद्धी मागतो. दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, विक्रम संवताचे नवे वर्ष लागते.

पण गंमत अशी, की या वहीत त्या दिवशी हिशेब सुरू होत नाही. हिशेबाचे वर्ष सहा-सात महिन्यांपूर्वीच, १ एप्रिलला, सुरू झालेले असते. मग ही पूजा कोणत्या वर्षाची? आणि दुकानदाराचे वर्ष खरोखर कोणाचे? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. मला मात्र तो लहानपणापासून छळीत आला आहे, आणि त्याचे कारण घरचे आहे. ते पुढे येईलच.

प्रथम वहीकडे पाहू. ज्याला आपण ‘देशी नामा’ म्हणतो त्याची शिस्त मोठी कडक. कागदावर रेघा आखायच्या नाहीत. कागदाला उभ्या घड्या घालायच्या आणि त्या घड्यांच्या खुणांनी रकाने पाडायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. शाळेत इंग्रजी पद्धतीचे बुककीपिंग शिकलेल्या मुलाची येथे पहिल्याच दिवशी त्रेधा उडते, कारण त्याच्या खातेवहीत नेमके उलटे असते. रोजचा व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत लिहावा. तेथून तो ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावा, ती खतावणी. सर्व खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून दोन्ही बाजू जुळतात का पाहावे, ती तेरीज. आणि वर्षाअखेर आपण कोठे उभे आहोत ते सांगणारा तो ताळेबंद. युरोपात या दुहेरी नोंदीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केले. आपल्याकडे असे पुस्तक कोणी छापले नाही. विद्या हातातून हातात गेली, आणि पेढीवरच्या पोराला ती छडीबरोबर मिळाली.

हे शब्द व्यापाऱ्यांचेच होते असेही नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कीर्द, घडणी, खतावणी, ताळेबंद, तर्जुमे अशी कागदांची वर्गवारीच आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी त्या रोजकीर्दींतून वेचे काढले, आणि १९०० साली न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. लढाया आणि तह यांच्या पलीकडे राज्य कसे चालत होते, हे त्या जमाखर्चातून दिसते, हे रानड्यांनी ओळखले होते. त्या कागदांत दोन शब्द फिरून फिरून येतात: ‘सालगुदस्त’ आणि ‘सालमजकूर’. गेले साल आणि चालू साल. मागची बाकी कोणती आणि नवी जमा कोणती, हा भेद जेथे धरला जातो तेथेच हिशेब सुरू होतो.

आता वर्षारंभ कोणता धरावा, हे ज्याच्या त्याच्या पोटावर अवलंबून असे. शेतसारा घेणाऱ्या मराठी राज्याचे साल मृग नक्षत्रावर पालटे. पहिल्या पावसाबरोबर नवा हिशेब. व्यापाऱ्याला पाऊस हा अडसर. समुद्र खवळलेला, वाटा चिखलात, माल गोदामात. नारळी पौर्णिमेनंतर गलबते पुन्हा पाण्यात उतरत, अश्विनात नवे पीक बाजारात येई, आणि दिवाळीपर्यंत जुने देणेघेणे मिटवून व्यापारी मोकळा होई. म्हणून त्याचे वर्ष कार्तिकात. कच्छी लोकांचा नववर्षदिन तर आषाढी बीज. पण मुंबईत दुकान थाटलेला कच्छी वह्या मात्र दिवाळीलाच बदली. घरचे नवे वर्ष एक, गल्ल्याचे दुसरे. आम्हां मराठी माणसांचेही तेच: गुढी चैत्रात उभारायची आणि वहीपूजन बलिप्रतिपदेच्या आसपास करायचे. यात कोणाला विसंगती वाटली नाही.

तथापि वहीचे केवळ गोडवे गाऊन चालणार नाही. वही ज्याला वाचता येते त्याची ती लक्ष्मी. ज्याला येत नाही त्याच्या गळ्यातला तो फास. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव तेच लोण पसरले. जमावाचा डोळा मुख्यतः कशावर होता? रोख्यांवर आणि वह्यांवर. कागद हाती लागले तेथे ते जाळले, आणि मुकाट्याने दिले तेथे माणसाला बहुधा हात लावला नाही. नंतर चौकशी आयोग बसला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सावकारावर बंधन घातले, की कुळाला पावती द्यावी आणि हिशेबाचा उतारा द्यावा. म्हणजे वहीत ज्याचे नाव आहे त्यालाही वही पाहण्याचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्याकडे जाळपोळ झाल्यावर कायद्यात आली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तर आधीच शहाणपणाने सांगून ठेवले होते, की धंद्यात नियमित ठेवलेली वही पुराव्यात घेता येईल, पण केवळ तिच्या जोरावर कोणावर देणे लादता येणार नाही. वही खोटे बोलू शकते, हे इंग्रज कायदेपंडितांना ठाऊक होते. मेहताजींना तर फार आधीपासून ठाऊक होते.

ज्या वहीत कुणबी डोकावू शकत नव्हता तिच्यात आता सरकार डोकावू लागले. सत्तावनच्या बंडाने तिजोरी रिकामी झाली, तेव्हा जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने १८६० साली कलकत्त्यास प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांच्या वर उत्पन्न असेल तर शेकडा दोन, पाचशेच्या वर शेकडा चार. विल्सन त्याच साली ऑगस्टमध्ये वारला. कर १८६५ साली उठला. पुन्हा आला, पुन्हा गेला. १८७८ साली दुष्काळानंतरच्या लायसेन्स टॅक्सविरुद्ध सुरतेत दुकाने बंद झाली आणि दंगा पेटला. अखेर १८८६ च्या कायद्याने कर कायमचा ठाण मांडून बसला. त्यात पाचशे रुपयांखालील उत्पन्न आणि शेतीचे उत्पन्न वगळले होते.

दरम्यान सरकारने स्वतःचे वर्षही ठरवून टाकले होते. कंपनीच्या काळापासूनचे १ मेचे वर्ष सोडून १८६७ पासून हिंदुस्थान सरकारने १ एप्रिल धरला, तो लंडनच्या सरकारी वर्षाशी मेळ राहावा म्हणून. आणि लंडनची तऱ्हा काय वर्णावी! तेथे जुना वर्षारंभ २५ मार्चचा. १७५२ साली पंचांग सुधारताना अकरा दिवस गळाले, ते कर भरणाऱ्याच्या पदरात परत घालावे लागले, आणि वैयक्तिक प्राप्तिकराचे वर्ष तेथे आजतागायत ६ एप्रिलला सुरू होते. आपल्या अधिक मासाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तरीही १ एप्रिलने दिवाळीला लगेच हटविले नाही, याचे श्रेय १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याला द्यावे लागते. त्या कायद्याने कर बसविला तो ‘मागील वर्षा’च्या उत्पन्नावर, पेशवाईच्या भाषेत, सालगुदस्तावर. हे मागील वर्ष म्हणजे ३१ मार्चला संपणारे वर्ष. परंतु ज्याचे हिशेब त्या बारा महिन्यांत दुसऱ्या एखाद्या तारखेला मिटत असतील, त्याला ती तारीख धरण्याची मुभा. शिवाय ज्या पद्धतीने तो नित्य हिशेब ठेवतो तीच पद्धत अधिकाऱ्याने मानावी. मात्र तिच्यातून खरे उत्पन्न निघत नसेल तर अधिकाऱ्याने आपल्या अकलेने काढावे. या एका मुभेमुळे दिवाळीचे संवत सरकारी कचेरीत मानाने जाऊन बसले. करनिर्धारणाच्या हुकमांत आणि हायकोर्टाच्या निकालपत्रांत ‘संवत अमुक’ असे इंग्रजीत छापले जाऊ लागले. १९६१ च्या नव्या कायद्यानेही ही वाट बुजविली नाही.

याच काळात आमची उपनगरे वसली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली ती याच शेतांमधून. १९२० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९२२ साली क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी मुलुंडचा आराखडा आखला. १९५० साली अंधेरी आणि घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आले, १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड. फाळणीनंतर सिंधी आले, चाळींच्या तळमजल्यावर एकेक गाळा धरून कच्छी, गुजराती, मराठी, दाक्षिणात्य दुकानदार बसले. पाहता पाहता कागदही वाढले. १९४६ चा विक्रीकर, १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा, मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरची जकात. जकातनाक्यावर मालट्रकांची रांग लागलेली पाहिली की मुंबई कोठे सुरू होते ते कोणी सांगावे लागत नसे.

कर वाढले तशी एक काळी विद्याही वाढली. युद्धकाळातल्या नफेबाजीनंतर १९४७ साली खास चौकशी आयोग नेमावा लागला होता. १९७३-७४ साली तर सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासह शेकडा ९७.७५ इतका कर होता. रुपयातले सव्वादोन पैसे हाती राहणार असतील, तर माणूस काय करील? त्याने दुसरी वही केली. एक पूजेची, दाखवायची. दुसरी खरी, लपवायची. ज्या वहीला सरस्वती मानून हळदकुंकू वाहिले तीच खोटी, आणि खरी सरस्वती कपाटामागे! मला वाटते, चोपडीपूजनातले काहीतरी मोठे तेव्हाच हरवले. कायद्याने दिवाळीचे वर्ष काढून घेतले ते पुढे.

ते काढून घेतले १९८९ साली. १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने सर्वांना एकच वर्ष लावले: १ एप्रिल ते ३१ मार्च. हेतू वाईट नव्हता. निरनिराळी वर्षे धरून उत्पन्न या वर्षातून त्या वर्षात सरकविण्याची पळवाट बंद करायची होती. बदलाच्या वेळी दिवाळीचे वर्ष पाळणाऱ्यांसाठी एक लांबलचक वर्ष जन्माला आले. ऑक्टोबर १९८७ च्या दिवाळीला लागलेले संवत २०४४ अधिक मासामुळे तेरा महिन्यांचे होतेच. त्याला नोव्हेंबर १९८८ ते ३१ मार्च १९८९ असे शेपूट जोडले गेले. सतरा महिन्यांहून मोठे वर्ष! जुन्या पंचांगकर्त्यांच्याही स्वप्नात आले नसेल.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे वडील मुलुंडला एका कापडाच्या दुकानात मेहताजी होते. शेठ सज्जन होते. वडिलांचे स्वतःचे एक खाते त्या दुकानाच्या खतावणीत होते: ‘उचल’. बहिणीच्या लग्नाला, आईच्या दुखण्याला, माझ्या पुस्तकांना घेतलेले पैसे नावे पडत. पगारातून थोडे कापले जाऊन जमा होत. बाकी दरवर्षी पुढे ओढायची. ती ओढायची कोणी? वडिलांनीच. आपले कर्ज आपल्याच सुंदर अक्षरात नव्या वहीवर चढवायचे, असे ते काम होते. मात्र एक रिवाज होता. लक्ष्मीपूजनाला तेरीज जुळली, की शेठ वडिलांच्या खात्यावर बोट ठेवून म्हणत, “मेहताजी, यातले दोनशे सोडून द्या. वर्ष मिटले.” वडील ‘सूट’ म्हणून नोंद घालीत, आणि आमच्या घरी त्या रात्री फराळाला वेगळी चव येई.

१९८८ च्या दिवाळीला पूजा झाली, वही पाटावर बसली, पेढे वाटले. पण वर्ष मिटलेच नाही. शेठ म्हणाले, “मेहताजी, वकील म्हणतो, आता मार्चला.” वडील म्हणाले, “होय शेठ.” मार्च आला. मालमोजणीत वडील दोन रात्री दुकानातच राहिले. तेरजेत अकरा रुपये चाळीस पैशांचा फरक येत होता, तो त्यांनी तिसऱ्या पहाटे पकडला. १ एप्रिलला नवी वही उघडली. त्या दिवशी ना पणती होती, ना पेढा, ना कोणाची वाट पाहणारी गडीमाणसे. एप्रिलच्या उन्हात कोण कोणाला सूट देणार? शेठ विसरले. वडिलांनी आठवण केली नाही. “मागायची नसते ती गोष्ट,” एवढेच ते आईला म्हणाले. पुढल्या दिवाळीला पूजा होती, पण हिशेब मिटत नव्हता. आणि मार्चला हिशेब मिटत होता, पण दिवाळी नव्हती. ती सूट त्या दोहोंच्या मधल्या फटीत पडली आणि पुन्हा सापडली नाही. उचल फिटायला मग आणखी सहा वर्षे लागली.

यात दोष कोणाचा? शेठचा म्हणवत नाही, कायद्याचा तर नाहीच नाही. वर्ष म्हणजे केवळ बारा महिन्यांची मोजदाद नव्हे. त्याच्या शेवटाला माणसे एकमेकांसाठी काय करीत आली आहेत, तेही त्यात बांधलेले असते. तारीख हलविणाऱ्याला ते कोठल्या रकान्यात दिसावे?

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. २००५ साली मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि त्याच दिवसापासून मुंबईची जकात संपली. नाके ओस पडले. लाल वहीची जागा संगणकावरच्या टॅलीने घेतली. आता १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या प्राप्तिकर कायद्याने ‘मागील वर्ष’ हा शब्दच काढून टाकला आहे. आता नुसते ‘कर वर्ष’. शतकभर टिकलेले सालगुदस्त असे अखेर कायद्याच्या पुस्तकातून गेले. आणखी एक नवल: ज्याची उलाढाल दोन कोटींच्या आत आहे (रोखीचा वाटा शेकडा पाचांहून अधिक नसेल तर तीन कोटी) असा बहुतेक छोटा दुकानदार शेकडा आठ, किंवा बँकेमार्गे आलेल्या रकमेवर शेकडा सहा, इतका नफा धरून कर भरू शकतो. मग त्याला प्राप्तिकरासाठी सविस्तर वह्या ठेवण्याची सक्ती नाही. ज्या वहीसाठी सरकार शंभर वर्षे भांडले, ती नसली तरी चालेल असे तेच सरकार आता म्हणते.

पण वस्तू व सेवा कराला बिले लागतातच. आणि सरकारला नको असली तरी वही दुकानदाराला हवी असते. माझ्या ओळखीचे जे दुकानदार एप्रिलमध्ये शांत झोपतात त्यांची रीत जुन्या मेहताजींचीच आहे. ३१ मार्चच्या रात्री ते माल मोजतात, अदमासाने लिहीत नाहीत. गल्ल्यातील रोकड आणि रोजमेळातील शिल्लक ताडून पाहतात. बँकेचा उतारा आपल्या नोंदींशी जुळवतात. येणे कोणाकडे किती, ते नावासह काढतात आणि त्या माणसाला कळवतात. बिलांची नवी मालिका एकपासून सुरू करतात. आणि घरचा खर्च गल्ल्यातून नेला, तर तो घरच्या खात्यावर नावे टाकतात. यातले शेवटचे सर्वांत अवघड. माणूस सरकारला फसविण्याआधी बहुधा स्वतःला फसवितो.

गेल्या दिवाळीला त्या कापडाच्या दुकानातून मला बोलावणे आले. शेठ आता नाहीत. गल्ल्यावर त्यांची नातसून बसते. हिशेब सारा ती संगणकावर करते, आणि चोख करते. संगणकालाही तिने कुंकवाचे बोट लावले होते. शेजारी लाल वही होती. “मास्तर, आमच्यात कुणाचं अक्षर धड नाही. तुमच्या वडिलांसारखं श्री तुम्ही काढून द्या,” ती म्हणाली. मी मांडी घालून बसलो आणि मनोरा काढला. मग सहज मागची वही मागितली, चाळून पाहावी म्हणून. तिच्यात पहिल्या पानावर ‘श्री’ होती, आणि पुढची सगळी पाने कोरी. त्याच्या आधीच्या वहीतही तसेच.

निघताना तिने दुकानातल्या गड्याला हाक मारली. संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवून ती म्हणाली, “भाऊ, ही तुमची उचल. बघा, बरोबर आहे ना? यातले पाच हजार आज सोडले.” गड्याने वाकून आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि मान हलविली. तिने तेथल्या तेथे नोंद केली. तारीख पडली ती अर्थात इंग्रजी.